मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सूत्रात ऑक्सिजन कमी का पडतो?

अकरावीच्या सुरुवातीलाच एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे संयुगातल्या अणूंचं सर्वांत साधं गुणोत्तर, येतो आणि फळ्यावर दोन-चार गणितं सोडवून संपतोही. तोच मॅग्नेशियमची फीत जाळून काढायला लावला, तर निम्म्याहून जास्त गटांचं मॅग्नेशियम आणि ऑक्सिजनचं उत्तर १:१ येत नाही. १:०.८५ येतं, १:०.९ येतं. मुलं वहीत मुकाट १:१ लिहून मोकळी होतात. आकडा मात्र कमी का आला, हे शोधण्यातच या प्रयोगाची खरी मजा आहे. यातल्या बहुतेक चुका ऑक्सिजन कमीच दाखवतात.

आधी कृती. चिनी मातीची क्रुसिबल (तापवायची छोटी वाटी) झाकणासकट मातीच्या त्रिकोणावर ठेवून रिकामीच पाच मिनिटं बर्नरवर तापवा. पावसाळ्यात ही पायरी गाळू नका, कारण कपाटातल्या क्रुसिबलने ओल धरलेली असते. ती नंतर उडाली की तेवढं वजन ऑक्सिजनमधून वजा होतं. थंड झाल्यावर झाकणासकट वजन घ्या. फीत सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. वरचा करडा थर आधीच ऑक्साइड झालेला असतो, तो मॅग्नेशियम म्हणून मोजला जायला नको.

फीत ०.३० ग्रॅमच्या आसपास घ्या. लांबीवर जाऊ नका, प्रत्येक गुंडाळीची जाडी वेगळी असते. शाळेचा काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर ०.१० ग्रॅम फितीने काही साधत नाही. तिथे जळून वजन वाढायला हवं ०.०६६ ग्रॅम. ही वाढ म्हणजेच ऑक्सिजन; दोन्ही वजनं आपापल्या अणुभाराने भागली की गुणोत्तर मिळतं. काट्याने ०.०६ दाखवलं तर गुणोत्तर १:०.९१, ०.०७ दाखवलं तर १:१.०६. मुलाची चूक काहीच नाही, काट्याचा एक अंक इकडे-तिकडे. ०.३० ग्रॅमला सुमारे ०.२० ग्रॅम वाढ मिळते, मग एवढा धक्का बसत नाही. फार जास्त घेतली तर मात्र आतली फीत जळता जळत नाही.

फीत पेन्सिलीवर सैल गुंडाळून क्रुसिबलमध्ये सोडा. घट्ट वेटोळं केलं की मधला भाग कच्चा राहतो. झाकण लावून आधी मंद, मग जोरात तापवा. दर मिनिटाला चिमट्याने झाकणाची एक कड जरा उचलायची, आत हवा जाऊ द्यायची आणि पांढरा धूर दिसताक्षणी झाकायचं. तो धूर म्हणजे तुमचं मॅग्नेशियम ऑक्साइडच आहे. मुलांना उजेड बघायचा असतो, म्हणून ती झाकण उघडंच धरतात. डोळ्यांसाठी तर ते वाईट आहेच, पण वजनही छताकडे जातं. दहा-पंधरा मिनिटांनी कड उचलूनही आत चमक दिसेनाशी झाली की झाकण तिरकं ठेवून आणखी पाच मिनिटं जोराची आंच द्या. पेटलेलं मॅग्नेशियम बाहेर पडलं तर पाणी ओतायचं नाही. कोरड्या वाळूचं डबडं टेबलावर हवंच.

इथे बहुतेक जण थांबतात आणि चुकतात. झाकणाखाली ऑक्सिजन अपुरा पडला की तापलेलं मॅग्नेशियम हवेतला नायट्रोजनही ओढून घेतं आणि मॅग्नेशियम नायट्राइड तयार होतं. एक ग्रॅम मॅग्नेशियमचं ऑक्साइड झालं तर वजन ०.६६ ग्रॅम वाढतं, नायट्राइड झालं तर फक्त ०.३८. पाचवा हिस्सा मॅग्नेशियम नायट्राइडमध्ये गेलं तरी उत्तर १:०.९२ वर येतं. उपाय सोपा आहे. क्रुसिबल पूर्ण गार झाल्यावर आठ-दहा थेंब डिस्टिल्ड वॉटर टाका आणि मंद तापवा. ओला लाल लिटमस वाफेवर धरला की निळा होतो, अमोनियाचा वासही येतो. पाण्याने नायट्राइडमधला नायट्रोजन अमोनिया होऊन निघून जातो. आता राहिलेलं हायड्रॉक्साइड मोडून ऑक्साइड करायला पुन्हा दहा मिनिटं जोराची आंच. घाई करून गरम क्रुसिबलमध्ये पाणी टाकलंत तर ती तडकेल. डिस्टिल्ड वॉटर संपलं असेल तर बोअरचं जड पाणी चालेल का? दहा थेंबांत क्षार मिलिग्रॅमहूनही कमी असतात, या काट्याला ते कळणार नाहीत. चालेल.

तापवणं, गार करणं, वजन घेणं हे दोन वजनांत ०.०१ पेक्षा जास्त फरक उरत नाही तोवर करायचं. आणि गार म्हणजे हाताला गार. कोमट क्रुसिबलभोवतीची हवा वर चढते आणि काटा वजन कमी दाखवतो. पंखा बंद हवा. खान्देशात जुलै असो की ऑक्टोबर, पंखा बंद करायला कोणी राजी नसतं, पण जळगावच्या सराफाचा काटासुद्धा काचेच्या पेटीत उगाच नसतो. निदान वजनापुरता तरी बंद करा.

क्रुसिबलच्या तळाशी काळा डाग दिसला तर तो काजळीचाच असेल असं नाही. मॅग्नेशियम चिनी मातीतल्या सिलिकाचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि सिलिकॉन मागे राहतं. हा ऑक्सिजन क्रुसिबलचाच, म्हणून वजन वाढत नाही. पुन्हा ऑक्सिजन कमी. बाहेरून बसलेली काजळी, अर्धवट मोडलेलं हायड्रॉक्साइड किंवा गार होताना शोषलेली ओल, एवढीच कारणं उलट बाजूला नेतात. १:१.१ आलं तर तिकडे बघा.

गणितात एकच चूक वारंवार दिसते: ऑक्सिजनला अणूच्या १६ ऐवजी रेणूच्या ३२ ने भागणं. उत्तर थेट २:१ च्या जवळ आलं तर आधी भागाकार तपासा, क्रुसिबल नंतर. दुसरी खोड दशांश गिळण्याची. लोहाच्या ऑक्साइडमध्ये लोह ६९.९ टक्के, ऑक्सिजन ३०.१ टक्के घेऊन १:१.५ येतं, त्याचं १:२ करायचं नसतं. दोनाने गुणून २:३.

गावातल्या शाळेत बर्नर नसून स्पिरिटचा दिवाच असेल तर मॅग्नेशियमच्या नादी लागू नका, क्रुसिबल पुरेशी तापत नाही. त्याऐवजी मोरचुदातलं (कॉपर सल्फेटचे निळे खडे) स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, काढा. पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद इथल्या शेतकऱ्याच्या घरी असतंच, पण प्रयोगाला लॅबचंच शुद्ध घ्या. २.५० ग्रॅम बारीक करून तापवलं तर १.६० ग्रॅम उरायला हवं. गेलेलं ०.९० भागिले १८ म्हणजे ०.०५, उरलेलं कोरडं सल्फेट १.६० भागिले त्याचा रेणुभार १५९.६ म्हणजे ०.०१. सल्फेट आणि पाणी सरळ १:५. खडे तसेच टाकले तर तडतडून उडतात आणि पाणी पाचाच्या वर जातं. काळपट होईपर्यंत तापवलं तरी तेच, कारण मग सल्फेटच मोडू लागतं. उलट पाण्याचे चारच रेणू आले, तर प्रयोग फसला असं समजू नका. चार रेणू ११० अंशांच्या आसपास निघून जातात, पाचवा मात्र २०० च्या वर गेल्याशिवाय सुटत नाही, आणि तोवर पूड फिकट पडलेली असल्याने मुलांना काम झाल्यासारखं वाटतं. दिवा पुन्हा लावा, काचेच्या कांडीने पूड हलवत राहा आणि पुन्हा वजन घ्या.