सॅश खिडकीची पितळी कडी : पाचांपैकी दीड झाली

घर पूर्व लंडनमधलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या एका लांबलचक ओळीतलं. रस्त्याच्या बाजूला वरखाली सरकणाऱ्या पाच लाकडी खिडक्या आहेत. ज्यांनी अशी खिडकी कधी उघडली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सॅश, म्हणजे काच बसवलेल्या सरकत्या झडपा, एकमेकींच्या मागेपुढे असतात आणि दोन्ही दोरीला टांगलेल्या असतात. दोऱ्या कप्पीवरून चौकटीतल्या पोकळ पेटीत उतरतात, तिथे त्यांना ओतीव लोखंडाची वजनं बांधलेली असतात. वजन नीट तोललेलं असेल तर खिडकी एका बोटाने वर जाते. बंद केल्यावर वरच्या सॅशची खालची आडपट्टी आणि खालच्या सॅशची वरची आडपट्टी शेजारी शेजारी येतात, आणि कडी बसते ती या दोघींवर.

आमच्या पाच खिडक्यांना पाच तऱ्हेच्या कड्या होत्या. एक रंगाच्या थरांत पुरलेली, एक मोडकी, एक बहुधा कपाटाची. बैठकीच्या खिडकीवरची तेवढी बरी दिसत होती. तिचा साधा दांडा आडवा फिरवला की समोरच्या आकड्याखाली जायचा. ऑगस्टमध्ये रंग खरवडताना सहज लांबी (पुट्टी) भरायची पातळ सुरी बाहेरून दोन पट्ट्यांच्या फटीत घातली आणि दांडा ढकलून पाहिला. दहा सेकंदही लागले नाहीत. बायको आतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आता बाहेरूनच येत जा, किल्ली न्यायला नको."

बाजारात चांगल्या कड्या मिळतात, हे आधीच कबूल करतो. पण गॅरेजमध्ये छोटं लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) आहे, पितळेचा गज पडून आहे आणि हिवाळा लांब असतो. तेव्हा कडी घरीच करायची ठरलं.

कोणता प्रकार

जुन्या कड्यांचे दोन प्रकार इथे सर्रास दिसतात. फिच म्हणजे गोल फिरणारा चढता दांडा. फिरवला की समोरच्या आकड्यात शिरतो आणि दोन्ही सॅश जवळ ओढतो. ब्रायटन म्हणजे आटे पाडलेला दांडा. तो बुडातल्या खिळ्याभोवती फिरवून पुढे आडवा टाकायचा, समोरच्या खाचेत बसवायचा आणि टोकाची मूठ पिळायची. मी वरच्या सॅशवरच्या भागाला कडी आणि खालच्या सॅशवरच्या खाचेला कोयंडा म्हणणार आहे. शब्द घरचे आहेत आणि काम तेच आहे.

तिसराही एक प्रयत्न केला होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जुन्या रेल्वेच्या डब्यांत खिडकीचं शटर असायचं, दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबले तरच हलणारं. लहानपणी पुणे–मिरज प्रवासात त्या शटरखाली माझं बोट सापडलं होतं, म्हणून ती रचना चांगली लक्षात आहे. तसे दोन स्प्रिंगचे खटके सॅशच्या दोन बाजूंना लावून पाहिले. बंद होताना आवाज फार सुरेख यायचा. पण उघडायला दोन्ही हात लागतात आणि खिडकीशी उभा असलेल्या माणसाच्या एका हातात इथे नेहमी चहाचा कप असतो. शिवाय खटका सॅशला नुसता अडवतो, जवळ ओढत नाही. फट तशीच राहते, वारा येतो आणि बस गेली की खिडकी खडखडते. सोडून दिलं.

ब्रायटन निवडायचं कारण तेच. मूठ पिळली की दोन्ही पट्ट्या जवळ येताना दिसतात, आणि बाहेरून सुरी घालून पिळलेली मूठ फिरवता येत नाही.

ऑक्टोबर : पहिला नमुना, पहिली फजिती

कागदावर मूठ फार देखणी काढली होती. इथल्या जुन्या पितळी सामानात ओकच्या फळाचा आकार सारखा दिसतो, पडद्याच्या दोरीच्या टोकाला, जिन्याच्या खांबावर, कडीच्या मुठीवर. मीही तेच केलं. व्यास २६ मिमी, गुळगुळीत, वर छोटं टोक. लेथवर दोन संध्याकाळी गेल्या. (लेथसाठीच्या पितळेत सुमारे ३ टक्के शिसं असतं, म्हणून ते लोण्यासारखं कापलं जातं, पण कीस सुयांसारखा उडतो. चष्मा लावा आणि जेवायच्या आधी हात धुवा.)

बसवली आणि खिडकी वर उचलली, तर ठक्क. दांडा उभा करून ठेवल्यावर मूठ वरच्या सॅशच्या आडपट्टीवर मावायला हवी, कारण खालची सॅश तिच्या अगदी पुढून वर सरकते. माझ्या खिडकीत काचेपासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत जागा आहे २२ मिमी. त्यात २६ ची मूठ! कागदावर मी कडी बंद स्थितीत काढली होती. उघड्या स्थितीचं चित्र काढलंच नव्हतं. तुम्ही असलं काही करणार असाल तर आधी उघडी कडी काढा.

खिळा बरोबर मध्ये, म्हणजे काचेपासून ११ मिमीवर घेतला तर १८ मिमीची मूठ दोन्हीकडे २ मिमी सोडून बसते. सगळं माप या एका आकड्यावरून ठरलं. दांडा ५० मिमी, आटे एम६ (६ मिमी व्यासाचे), म्हणजे एका फेऱ्याला १ मिमी ओढ. फट साधारण एक सूत, म्हणजे तीनेक मिमी होती, म्हणून तीन फेरे आणि वर थोडा दाब.

दुसरी फजिती आठवड्याने झाली. उभा ठेवलेला दांडा हळूच पुढे कलंडला होता. मी खिडकी बंद करायला खालची सॅश खाली घेतली आणि तिची आडपट्टी थेट मुठीवर बसली. लाकडाला खळगा पडला आणि कडीचे दोन स्क्रू उपसले गेले. काच वाचली हे नशीब. ती जुनी, किंचित लहरी काच आहे, तिच्यातून समोरची विटांची भिंत पाण्यात पाहिल्यासारखी हलते. तशी परत मिळणं कठीण.

इलाज खिशातल्या चाकूतून उचलला. दांड्याचं बूड चौकोनी ठेवलं आणि त्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या फॉस्फर ब्राँझची पट्टी दाबून बसवली. चाकूचं पातं जसं उघडं किंवा मिटलं अशा दोनच जागी टिकतं, तसा आता दांडा उभा किंवा आडवा, मध्ये कुठे रेंगाळत नाही. आडवा पडताना हलकासा 'टप' आवाज येतो. रेल्वेच्या खटक्याची हौस अशी भागली.

नोव्हेंबर : कुलूप नव्हे, दोरी

दुसरा नमुना बसवताना लक्षात आलं की दोन्ही आडपट्ट्या एका पातळीत नाहीत. वरची सॅश ४ मिमी खाली आलेली. मी कोयंड्याखाली चकत्या घालून वेळ मारून नेणार होतो. मग गुण्या लावला तर ती एका बाजूलाच जास्त उतरलेली निघाली. म्हणजे दोरी ताणलेली. बाजूची पट्टी काढली, पेटीचं झाकण उचकटलं, आत शंभरेक वर्षांची धूळ आणि एक वजन, त्याच्या गाठीशी दोरीचे दोनच पदर शिल्लक. चारही दोऱ्या बदलल्या. दोन दिवस गेले, पण खिडकी एका बोटाने वर जायला लागली. कडीने सॅश वर उचलायची नसते, फक्त जवळ ओढायची असते. मी पंधरा दिवस दोरीचं दुखणं कडीत शोधत होतो.

याच भानगडीत वरच्या सॅशच्या कोपऱ्यांची लाकडी शिंगं नीट पाहिली. आधीच्या, साधारण अठराव्या शतकातल्या जॉर्जियन खिडक्यांना ती नसायची, कारण काचा लहान आणि आडवे-उभे गज भरपूर. १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, १८५१ मध्ये खिडक्यांवरचा. काचा मोठ्या झाल्या, जड झाल्या, मधले गज गेले आणि सगळा भार कोपऱ्याच्या जोडावर आला. मग सॅशचा उभा खांब जोडाच्या पुढे थोडा लांब ठेवून त्याला वळण दिलं. नक्षी म्हणून पाहतो ती मुळात जोड उकलू नये म्हणून केलेली सोय. हे कळल्यावर माझ्या मुठीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

डिसेंबर : मूठ परत

१८ मिमीची गुळगुळीत मूठ दिसायला छान होती, पण थंडीच्या सकाळी काचेवर दव साचतं, पट्टी ओली, बोटं ओली, मूठ घसरते. शेवटचा अर्धा फेरा काही केल्या बसेना. रेघांची जाळी पाडणारं हत्यार आहे माझ्याकडे, पण ते वापरलं की मूठ अवजारासारखी दिसते. म्हणून उभ्या खोबणी पाडायच्या ठरवल्या.

लेथला घेराचे सारखे भाग पाडायची चकती नाही. मग स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या कण्याच्या) मागच्या टोकाला ६० दात्यांचं गियर अडकवलं आणि दात्यांत पाचर घालून ते थांबवायचं. दर पाच दात्यांनी एक खोबण, अशा १२. आठ हव्या होत्या, पण ६० ला ८ ने भाग जात नाही, आणि दहाच्या रुंद वाटल्या. १८ मिमी व्यासाला घेर साडेछप्पन मिमी, म्हणजे एका खोबणीला पावणेपाच. ४ मिमीची गोल कानस त्यात चपखल चालते आणि मध्ये पातळशी कड उरते. प्रत्येक खोबण वर टोकाकडे निमुळती केली. कानशीला खडू फासला की पितळ दात्यांत अडकत नाही. बाराव्या खोबणीपर्यंत हात स्थिरावला होता, म्हणून पहिल्या तीन परत केल्या.

टेबलावर ठेवली तर मुलगी म्हणाली, "बाबा, हा मोदक आहे." ओकचं फळ करायला निघालो होतो आणि खरंच कळ्या पाडलेला मोदक समोर होता. मी ठरवून केलेलं नाही, पण आता बदलणारही नाही. तीन बोटांत धरून पिळायचं तर तो आकार काय वाईट आहे?

कोयंडाही तेव्हाच सुधारला. आधी त्याचं तोंड सपाट होतं. खिडकी हादरली की दांडा खाचेतून वर सरकू बघायचा. आता कोयंड्याच्या पुढच्या तोंडाला ६० अंशांचा खळगा आणि मुठीच्या नाकाला तसाच शंकू. पिळताना मूठ आपोआप मध्ये येते, आणि पिळल्यावर दांडा उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही.

स्क्रूबद्दल एकच. पितळी स्क्रू जुन्या लाकडात थेट घालू नका. माझा एक मुंडीखालीच तुटला आणि तो काढायला अर्धा दिवस गेला. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला साबण लावून हाताने बसवायचा.

किल्लीचा प्रश्न

काच फोडून आत हात घातला तर माझा मोदक कोणीही पिळून काढेल. इथले बरेच विमेवाले तळमजल्याच्या खिडक्यांना किल्लीचं कुलूप मागतात. मुठीतच किल्ली बसवायचे तीन आराखडे काढले, तिन्हीत मूठ २० च्या वर गेली. शेवटी कामं वाटून दिली. दिसायला आणि ओढायला मधली कडी, राखणीला दोन्ही बाजूंना विकतचे आरपार स्क्रू. खालच्या सॅशमधून वरच्या सॅशमध्ये शिरणारा बोल्ट किल्लीने फिरतो. पृष्ठभागाशी सपाट बसतो, डोळ्यांत येत नाही. किल्ली बाहेरून हात पोचणार नाही पण आग लागली तर अंधारात सापडेल अशा खिळ्यावर, आणि ती जागा घरात सगळ्यांना माहीत. वरच्या मजल्यावर मुलीच्या खोलीत खिडकी १०० मिमीपेक्षा जास्त उघडणार नाही असे अडसरही लावले. तेही विकतचे. त्यात हौस करायची नाही.

आजची स्थिती

बैठकीची कडी पूर्ण, सहा आठवडे वापरात. लॅकर मारलेला नाही. बोटं लागतात तिथे पितळ चकाकतं, खोबणींच्या तळाशी काळसर होत चाललंय आणि त्यामुळे कळ्या उठून दिसतात. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर तिचं पहिलं वाक्य, "अरे, कळकलंय की ते! पितांबरी पाठवू का?" काळसर रंग मुद्दाम ठेवलाय हे तिला अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या कडीचा दांडा आणि मूठ तयार आहेत, कोयंडा वाइसमध्ये आहे. त्या खिडकीत काचेपासूनची जागा २२ नव्हे, १९ मिमी निघाली. म्हणजे मूठ १५ ची आणि बारा खोबणी त्यात दाटीने बसतील. दहा कराव्यात का, या विचारात कानस गेले चार दिवस खाली ठेवलीय.