व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी दातांची फाईल

माझा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली एक झडप) बदलायचं ठरलं तेव्हा सर्जननी तपासण्यांची यादी दिली. इको, अँजिओग्राफी, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि अगदी शेवटी ‘डेंटल क्लिअरन्स’, म्हणजे तोंडात जंतुसंसर्ग नाही असं दातांच्या डॉक्टरांचं पत्र. घरी सगळ्यांना वाटलं, जवळच्या दातांच्या डॉक्टरांचा शिक्का आणला की काम झालं. पण सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ याच कागदाने खाल्ला आणि ऑपरेशनची तारीखही त्यामुळेच पुढे गेली. घरात व्हॉल्व्हचा पेशंट असेल त्यांना हे आधीच ठाऊक असावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं दुखणं जुनं. शाळेत असताना घसा धरला, मग ताप आणि सुजलेले सांधे. ऱ्हुमॅटिक फीव्हर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच व्हॉल्व्हला इजा करतं, तसं माझ्या बाबतीत झालं. पुढे आखडलेला व्हॉल्व्ह फुग्याने उघडून दिला, त्यावर बरीच वर्षं निघाली. चाळिशीनंतर जिना चढताना पुन्हा धाप लागायला लागली, ठोके अनियमित झाले, आणि रक्त पातळ ठेवायची एसिट्रॉमची गोळी सुरू झाली. दात मात्र कधीच दुखले नव्हते. म्हणूनच सर्जनना विचारलं, की हृदयाच्या कामात दातांचं काय?

त्यांनी शांतपणे समजावलं. आपल्या तोंडात शेकडो प्रकारचे जंतू कायम असतात. हिरड्या निरोगी असतील तोवर ते तोंडातच राहतात. हिरड्या सुजलेल्या असल्या तर घास चावताना किंवा ब्रश करतानासुद्धा थोडे जंतू रक्तात उतरतात. चांगलं हृदय असलेल्या माणसाचं शरीर त्यांचा लगेच निकाल लावतं. पण खडबडीत झालेल्या व्हॉल्व्हवर, आणि त्याहून जास्त कृत्रिम व्हॉल्व्हवर, त्यांना चिकटून बसायला जागा मिळते. तिथे त्यांची वाढ झाली की त्याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. मग साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, कधी पुन्हा ऑपरेशन, आणि त्यातही जिवाला धोका. “नवा व्हॉल्व्ह बसवायचा आणि तोंडात पू ठेवायचा, असं मी करणार नाही,” एवढं ते म्हणाले. मला ते पटलं.

दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, पण फाईल पहिल्या पानापासून वाचली. खुर्ची पूर्ण आडवी केली की मला धाप लागते हे सांगितल्यावर त्यांनी ती अर्धीच झुकवली आणि सगळं काम तशीच मान वाकवून केलं. आधी ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच मोठा एक्स-रे. मग खुणा असलेली बारीक सळई घेऊन त्या एकेका दाताभोवती हिरडीची खोली मोजू लागल्या. त्या आकडे बोलायच्या, मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. “दोन, तीन, दोन. तीन, दोन, तीन.” उजव्या बाजूच्या खालच्या दाढांपाशी आल्यावर आवाज बदलला. “पाच. सहा. सात.” तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून कप्पा तयार होतोय असं समजायचं, हे त्यांनी नंतर सांगितलं. आरशात दाखवलं तेव्हा सळई काढलेल्या जागी रक्ताचा थेंब आणि त्यामागून पिवळसर पू दिसला. ओपीजीमध्ये वरच्या एका दाढेच्या मुळाशी वाटाण्याएवढा काळा डाग होता. त्या दाढेने मला कधी एक रात्रही जागवलं नव्हतं.

हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. थोडं रक्त येतं, तोंडाला वास येतो, आणि आपल्याकडे मिश्री लावून किंवा मिठाने घासून त्यावर पांघरूण घालतात. मिश्री तर भाजलेली तंबाखूच. तिने हिरडीचं नुकसानच होतं, वर कॅन्सरचा धोका. आमच्या आळीत आजही कितीतरी बायका सकाळी ती लावतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो.

दोन दाढा काढायच्या, बाकीच्यांचं खोलवर स्केलिंग करायचं, म्हणजे हिरडीखालचा थर खरवडून साफ करायचा, असं ठरलं. इथे एसिट्रॉमचा प्रश्न आला. शेजारपाजारचे सगळे सांगत होते, दात काढायचा तर गोळी पाच दिवस बंद ठेव. कार्डिओलॉजिस्टनी स्पष्ट नाही म्हटलं. गोळी बंद केली तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. हिरडीतलं रक्त मात्र दाबून थांबवता येतं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) त्याच सकाळी बघा, 3.5 च्या आत असेल तर काढा. माझा 2.4 आला. भूल देताना अ‍ॅड्रिनॅलिन बेताचंच वापरलं, कारण माझे ठोके वाढून चालणार नव्हतं. दाढ निघाल्यावर खड्ड्यात विरघळणारा स्पंज, वरून टाके, आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉज घट्ट चावून बसायला सांगितलं. संध्याकाळी आईने केलेला गुरगुट्या भात गार करून खाल्ला. रक्त वाहिलं नाही.

औषधांच्या चिठ्ठीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दात काढल्यावर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सर्रास लिहिलं जातं. एसिट्रॉम किंवा वॉरफरिनसोबत ते घेतलं की आयएनआर झपाट्याने चढू शकतो. तोंडातल्या बुरशीवर लावायच्या मायकोनॅझोल जेलचंही तसंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. मला फक्त पॅरासिटामॉल दिलं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्याने मेडिकलवाल्याला विचारून परस्पर काहीही घेऊ नये.

हिरड्या भरून आल्या, पुन्हा मोजमाप झालं, आणि मगच तो कागद मिळाला. ऑपरेशन योजनेतून झालं, दातांचा खर्च मात्र पदरचा. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी सरकारी दंत महाविद्यालयात जावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. गर्दी असते, वेळ लागतो, म्हणून व्हॉल्व्हची तारीख ठरायची वाट न बघता आधीच जायला हवं. काढलेल्या दाढेच्या जागी नवी बसवणं वगैरे घाई नसलेली कामं ऑपरेशननंतर काही महिने थांबवतात.

आता माझ्या छातीत धातूचा व्हॉल्व्ह आहे आणि दातांच्या कामाचे नियम कायमचे बदलले आहेत. स्केलिंग किंवा दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम, एकदाच. ही गोळी प्रत्येक हृदयरोग्याला लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये यादी बरीच आखूड केली: कृत्रिम व्हॉल्व्ह, आधी एंडोकार्डायटिस झालेले, काही जन्मजात दोष, आणि हृदय प्रत्यारोपणानंतर व्हॉल्व्ह बिघडलेले. स्टेंट किंवा बायपासवाल्यांना तेवढ्यासाठी ती नको. ज्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 21 दिवसांनी चालू आहे त्यांनी ते दातांच्या डॉक्टरांना आठवणीने सांगावं, कारण मग वेगळ्या गटातलं औषध निवडतात. आणि वर्षातून एखाद्या वेळी घेतलेल्या गोळीपेक्षा रोज दोन वेळचा ब्रश आणि दातांच्या फटी साफ करणं जास्त राखण करतं, कारण ब्रश आणि जेवण तर रोजचंच आहे.

या सगळ्यात लोकांनी मला बरंच काही ऐकवलं. हिरड्या खराब म्हणजे हार्ट अटॅक येणारच, असंही. ते इतकं सरळ नाही. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकत्र आढळतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. दोघांच्याही मुळाशी तंबाखू आणि मधुमेह असू शकतात. 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेच तसं जाहीरपणे म्हटलं. मधुमेहाचं नातं मात्र पक्कं आणि दुहेरी आहे. साखर चढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आवरू देत नाही. माझ्या वहिनीला तिच्या डॉक्टरांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) वाढलेलं बघून दात तपासून यायला सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं.

मागच्या पावसाळ्यात मला ताप आला. गावातले डॉक्टर सवयीने अँटिबायोटिक लिहायला लागले. मी व्हॉल्व्हचं कार्ड पुढे केलं आणि म्हटलं, “डॉक्टर, आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, घ्याल का? गोळी सुरू झाली की त्यात बऱ्याचदा काही सापडत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कार्ड नीट वाचलं. लॅबच्या मुलाने थोड्या थोड्या वेळाने वेगवेगळ्या जागेवरून रक्त घेऊन तीन वेळा बाटल्या भरल्या. कल्चरमध्ये काही वाढलं नाही, ताप आपोआप उतरला, आणि अँटिबायोटिक घ्यावंच लागलं नाही.