पाणी न ठेवणारा डोंगर

शेवटचा घोट घेतला तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि चढ संपायचं नाव घेत नव्हता. मोबाईलच्या नकाशावर दोन किलोमीटर पुढे एक बारीक निळी रेघ होती, म्हणजे ओढा. त्या रेघेच्या भरवशावर मी बाटली रिकामी केली. ओढ्यापाशी पोहोचले तर तिथे शेवाळलेले दगड होते आणि दगडांच्या फटींत बीचच्या झाडांचा जुना पाचोळा. पाचोळा बाजूला करून खाली हात घातला. माती कोरडी ठणठणीत.

ही यावोर्निकीची डोंगररांग, स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्य भागातली. सगळी चुनखडीची. देशाचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि त्या जंगलांतून लाकूडतोडीसाठी खडीचे रस्ते काढलेले आहेत. त्या रस्त्यांना तिथे सरळ ‘मकादाम’ म्हणतात. गाड्या जवळजवळ नाहीत. दोन्ही बाजूंना बीच आणि फर, अधूनमधून अस्वलांपासून सावध राहा सांगणारी पाटी, आणि चाकाखाली पांढऱ्या खडीचा कुरकुर आवाज. मी म्युनिकला राहायला आल्यापासून असे रस्ते शोधत असते. आदल्या आठवड्यात ब्लेड गावाच्या तळ्याकाठी माणसांच्या गर्दीतून सायकल हातात धरून ढकलावी लागली होती. त्यामुळे इथली शांतता अंगावर घ्यावी तितकी थोडी वाटत होती.

आदल्या दिवशी ल्युब्लियानाहून रेल्वेने राकेकला उतरले, सायकल जोडली, आणि तासाभरात राकोव श्कोत्स्यानच्या दरीत होते. तिथे राक नावाची नदी एका गुहेतून बाहेर येते, दोन नैसर्गिक दगडी कमानींखालून वाहते आणि दुसऱ्या गुहेत शिरून नाहीशी होते. पुढे ती जमिनीखालीच दुसऱ्या नदीला मिळते, उनित्सा म्हणून वर येते, परत बुडते आणि ल्युब्लियानित्सा होऊन राजधानीतून वाहते. या एका पाण्याला वाटेत सात नावं आहेत. दर वेळी वर आलेली नदी लोकांना नवीन वाटली, म्हणून नावही नवीन मिळालं.

त्या संध्याकाळी मी त्सेर्क्नित्साचं सरोवर पाहायला गेले, आणि सरोवर नव्हतं. पावसाळ्यात पंचवीस चौरस किलोमीटरहून जास्त पसरणारं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी तळाच्या भोकांतून खाली निघून जातं. त्यातल्या एका भोकाचं नाव रेशेतो, म्हणजे चाळण. १६८७ मध्ये वाल्वासोर नावाच्या तिथल्या अभ्यासकाने या सरोवराचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं होतं. मी उभी होते तिथे त्या दिवशी गवताचे भारे पडले होते आणि एक होडी कोरड्या जमिनीवर कलंडून होती. होडीच्या तळाला चिखलाचा सुकलेला थर होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. मी त्या होडीकडे पाहिलं, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी दीड लिटर पाणी घेऊन डोंगर चढायला निघाले. आदल्या संध्याकाळी समोर अख्खं सरोवर आटलेलं पाहूनही मला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

खरं तर माझी सवय सह्याद्रीची. आपला कातळ बेसॉल्टचा. त्यात टाकं खोदलं की पाणी राहतं. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली टाकी आहेत, गडांवर तर पावलोपावली. लहानपणापासून डोक्यात बसलेलं की डोंगर म्हणजे पाणी, कुठेतरी खोदलेलं सापडेलच. चुनखडीचं गणित उलटं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, दगडातल्या फटी विरघळवत रुंद करतं आणि त्याच फटींतून खाली जातं. वर राहतात ते फक्त खड्डे, वाटीसारखे गोल, काही घराएवढे खोल. या साऱ्या भूरूपाला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात, ते नाव इथल्याच क्रास पठाराचं. त्या डोंगरावर पाऊस कमी पडत नाही, भरपूर पडतो. तो थांबत नाही इतकंच.

पुढचे दोन तास मला नीट आठवतात ते फक्त तोंडामुळे. जीभ टाळूला चिकटलेली. उतार लागल्यावर वेग आला, पण चुनखडीची खडी धारदार असते आणि वळणावर मऊ भुकटी साचते, तिथे पुढचं चाक सरकतं. पंचेचाळीस मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर होते म्हणून निभावलं. हात थरथरायला लागल्यावर मी उतरले आणि चालत आले. पायांवर पांढरी धूळ, चुन्याची सफेदी लावल्यासारखी.

रानाबाहेर पिवका खोऱ्याच्या कडेला एक लहान गाव लागलं. दुकान नाही, रविवार दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पहिल्याच घराच्या अंगणात एक आजी पाटीत आलुबुखार निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. मी फाटकाशी उभी राहून रिकामी बाटली वर केली. शब्द आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता आत गेल्या आणि काचेचा जग घेऊन आल्या. पेला भरून माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘पीय, पीय.’

मी मराठीतच ऐकलं ते. माझी आजी हेच म्हणायची, ‘पी गं, पी.’ स्लोव्हेनियन भाषेतला तो आज्ञार्थ आणि आपलं ‘पिणं’ एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हातात गार पेला असताना तो शब्द कानावर पडणं वेगळं. तीन पेले झाले. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही. त्यांनी माझा दंड धरला आणि मला बाकावर बसवलं.

मग त्यांनी अंगणातली ‘श्तिर्ना’ दाखवली. आपल्या आडासारखं दगडी कठड्याचं तोंड, पण खाली झरा नाही. छपरावरचा पाऊस पन्हळीने आणून साठवायची बांधीव टाकी. नळ येण्याआधी घरातलं आणि गुरांचं पाणी त्यातच. आजींना थोडी जर्मन येत होती. वर बोट करून त्या ‘रेगेन’ म्हणाल्या, पाऊस, मग बोट छपरावरून पन्हळीवर आणि तिथून खाली आणलं. लोखंडी झाकण उचललं तसा ओल्या दगडाचा वास आला. आत काळं पाणी आणि त्यात आमची दोन डोकी.

कठड्याच्या आतल्या कडेला दोरीने पडलेल्या खाचा होत्या. मोजल्या, अकरा. काही बोटभर खोल. आजींनी आपली तर्जनी एका खाचेत ठेवली, ती तंतोतंत बसली, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘मुटर.’ आई. मग शेजारची, जरा उथळ खाच दाखवून परत छातीवर हात, या वेळी काही बोलल्या नाहीत. मी त्या खाचेत बोट घातलं. दगड आतून काचेसारखा गुळगुळीत होता.

पैसे द्यायचं मनातही आणू नये असं वाटलं, तरी हात खिशाकडे गेला. त्यांनी तो हात धरून त्यात आलुबुखार भरले. दोन्ही बाटल्या भरून दिल्या आणि तिसरी, प्लास्टिकची, सायकलच्या पिशवीत स्वतः खोचली.

पुढचे दोन दिवस क्रासवर गेले. श्तानियेल सुंदर आहे, डोंगरावरचं दगडी गाव. तिथली दगडी भिंतींमधली मकादाम वाट सायकलला फार छान. चढ सोसवतील असे आहेत. पण मी प्रत्येक जुन्या अंगणात डोकावत होते, कठडा दिसला की उतरून खाचा बघत होते. एका ठिकाणी घरमालकाला ते आवडलं नाही. मी माफी मागितली आणि निघाले.

शेवटच्या रात्री दीडच्या सुमाराला वीज कडाडली आणि धो धो पाऊस आला. खिडकीबाहेरची पन्हळ भरून वाहायला लागली. पिवका तिथून फार लांब नाही. तिथेही पडत असेल, ते झाकणाखालचं काळं पाणी वर चढत असेल, असं म्हणत मी बराच वेळ जागी होते.

सकाळी सहाला रस्त्यावर आले. खडी धुऊन स्वच्छ पांढरी झाली होती, आणि डबकं एकही नव्हतं.