खोलीतला दिवा विझतो तेव्हा

आमच्या ऑफिसात प्रिंटरच्या खोलीतून प्रिंटर हलवला, चार खुर्च्या टाकल्या आणि दारावर 'शांत खोली' अशी पाटी लावली, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आता ध्यान मला अमेरिकेतली माणसं शिकवणार! खरं सांगायचं तर तोवर मी सलग पाच मिनिटंही डोळे मिटून बसलेली नव्हते. पण तोरा मात्र असा, की जणू ध्यान माझ्या घरचंच.

त्या खोलीतला दिवा हालचालीवर चालतो. कुणी हललं नाही की थोड्या वेळानं आपोआप विझतो. पहिले तीन आठवडे माझ्यासमोर तो एकदाही विझला नाही. कधी नाक खाजव, कधी घड्याळ बघ, कधी पायावर पाय टाक. हिशेब खात्यातल्या एक बाई तिथं रोज येतात. त्यांनी एवढंच सांगितलं, 'श्वास बघायचा. मन पळालं की त्याच्यावर न चिडता परत आणायचं.'

इथल्या ऑफिसांत हे जे ध्यानाचे वर्ग चालतात, त्यांतल्या बऱ्याच वर्गांचं मूळ इस्पितळात आहे. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यानं बेजार झालेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पद्धत बौद्ध ध्यानाची, धर्माचा भाग वगळून. कंपन्या त्यानंतर आल्या. गूगलनं स्वतःचा वर्ग २००७ मध्ये काढला.

मला काय मिळालं म्हणाल, तर एक श्वास. शुक्रवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असताना साहेबांची मेल आली, 'आपलं ठरल्याप्रमाणे सोमवारी सकाळी पाठवा.' ठरलं काहीच नव्हतं. पूर्वी बोटं थेट 'सगळ्यांना उत्तर द्या'वर गेली असती. त्या दिवशी आधी लक्षात आलं की दात आवळले गेलेत आणि कानशिलं तापलीत. एक श्वास घेतला नि दोन ओळी लिहिल्या, 'हे आपलं बोलणं झालं नव्हतं. बुधवारपर्यंत देऊ शकते.' बुधवार मिळाला. चार परिच्छेद लिहिले असते तर भांडण मिळालं असतं.

पण याला रामबाण म्हणू नका. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासून संशोधकांनी सांगितलं, की चिंता, नैराश्य आणि वेदना ध्यानानं काहीशा कमी होतात. मात्र व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा नाही. ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरचा २०२४ चा अभ्यास तर आणखी रोखठोक आहे. कंपनीनं दिलेले ध्यानाचे ॲप, ताणमुक्तीचे वर्ग असले उपक्रम घेणारे आणि न घेणारे, यांच्या स्वास्थ्यात म्हणावा असा फरकच दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. तीन माणसांचं काम एकावर टाकायचं आणि वर त्यालाच श्वास बघायला सांगायचं, ही शुद्ध चलाखी आहे. आमच्या मीटिंगमध्येही कामाच्या बोज्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास शांत खोलीची आठवण करून देतं. तेव्हाही मी एक श्वास घेते आणि मग विचारते, 'बरं, नवीन माणूस कधी येतोय?'

गेल्या मंगळवारी डोळे उघडले तर खोलीत मिट्ट काळोख. दिवा कधी विझला, कळलंच नव्हतं. बाईंना सांगावं म्हणून आनंदानं मान वळवली, आणि तो भक्कन पेटला.