आई, मी आळशी नव्हते ना?

लेकीला आज एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या अवस्थेचं, निदान झालं. वय 14. पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांवर एकच शेरा : ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं.’ ती वर्गात कुणाला त्रास देत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. मग तपासणीला कोण पाठवणार? डबा, कंपासपेटी, स्वेटर हरवल्यावर मी तिला किती बोलले, ते सगळं येताना रिक्षात आठवत होतं. तिचा हात घट्ट धरून बसले होते.

रात्री आकडे शोधले. अमेरिकेत 2022 च्या सर्वेक्षणात 3 ते 17 वयाच्या 15 टक्के मुलग्यांचं निदान झाल्याचं पालकांनी सांगितलं, मुलींचं 8 टक्के. यातला फरक खरा किती आणि आपल्या नजरेचा किती? दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो. स्वतःतच हरवलेली मुलगी शहाणी वाटते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे दिव्यांगांच्या नोंदींतही माझी लेक या नावाने दिसणार नाही.

झोपताना तिनं विचारलं, “आई, म्हणजे मी आळशी नव्हते ना?”

नाही गं बाळा. कधीच नव्हतीस.