पटाच्या मैदानावर दोन क्रोनोग्राफ

दिवाळीनंतर कापूस विकला आणि मनात कधीपासून असलेलं चावीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घेऊन टाकलं. चिनी सीगल १९६३, तीस हजारांच्या आत. संक्रांतीला भाचा पुण्याहून आला तर त्याच्या हातात ओमेगा स्पीडमास्टर, सहा लाखांच्या वरचं! मी ते पुन्हापुन्हा बघतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं. "आठ दिवस राहू द्या तुमच्याजवळ, मामा," म्हणाला.

आमच्याकडे तेव्हा शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, हंगाम असतो. २०१४ च्या बंदीनंतर कित्येक वर्षं मैदान ओस होतं. आता परत जोड्या धावतात. निकाल सेन्सरवर लागतो, पण मला लहानपणापासून स्वतः वेळ टिपायची सवय. म्हणून दोन्ही घड्याळं पटावर नेली.

पहिला फरक बोटाला कळला. सीगलचं बटण हलकं, लोण्यातून सुरी जावी तसं. स्पीडमास्टरचं कडक. मी जपून दाबत होतो, तर भाचा म्हणे, "जोरानं दाबा मामा, काई होत नाई त्याले." या फरकाचं कारण सीगलच्या पाठीमागच्या काचेतून दिसतं. निळ्या स्क्रूंच्या गर्दीत किल्ल्याच्या बुरुजासारखे खांब असलेलं एक बारकं चाक आहे, त्याला कॉलम व्हील म्हणतात. बटण दाबलं की ते एक घर पुढं सरकतं, लिव्हरचं टोक दोन खांबांमधल्या खाचेत पडतं आणि काटा सुटतो. ही स्विस व्हीनस १७५ ची रचना. तिची यंत्रसामग्री चीननं साठच्या दशकात हवाई दलाच्या घड्याळासाठी विकत घेतली होती. स्पीडमास्टरमध्ये त्या जागी कॅम, म्हणजे खास आकाराची सपाट चकती, आहे. चंद्रावर १९६९ साली गेलेल्या ओमेगात कॉलम व्हीलच होतं, पण कंपनीनं १९६८ पासूनच नव्या यंत्रात कॅम घातली होती. म्हणजे जुन्या पद्धतीची महागडी गोष्ट स्वस्त घड्याळात! मला याचं फार अप्रूप वाटलं.

वेळ टिपण्यात मात्र दोन्ही सारखीच. दोघांचेही तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. काटा सेकंदाच्या सहाव्या भागापेक्षा बारीक काही दाखवूच शकत नाही. पटात शंभराव्या भागावर बक्षीस जातं, तिथं सहा लाखही कामाचे नाहीत. पण १९७० साली अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी यानाचं इंजिन चालवायचे चौदा सेकंद स्पीडमास्टरवरच मोजले होते, हे आठवून जोडी सुटताना बटणावरचा अंगठा घट्ट झाला.

पैसा कुठं गेला ते घरी कळलं. सकाळी सहाला दोघांना पूर्ण चावी दिली. सीगल दुसऱ्या रात्री थांबलं. स्पीडमास्टर तिसऱ्या सकाळी म्हशी सोडेपर्यंत चालू होतं. दिवसाला सीगल आठ-नऊ सेकंद पुढं, ओमेगा दोन. आठ-नऊ सेकंद मला मुळीच जास्त वाटत नाहीत.

खरी परीक्षा माझ्याच चुकीनं झाली. पटावर चहा घेताना दोन्ही घड्याळं लाऊडस्पीकरच्या खोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सीगल काही मिनिटं पुढं! मोबाईलमधलं होकायंत्र जवळ नेलं तर सुई फिरली. चुंबक लागलं होतं, घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, हेअरस्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटली होती. ओमेगा जसंच्या तसं. ते १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) चुंबकात तपासलेलं असतं. आर्वीच्या बाजारात घड्याळदुरुस्तीवाल्या काकांनी सीगल त्यांच्या चुंबक उतरवायच्या यंत्रावरून दोनदा फिरवलं, आणि ते पूर्ववत झालं.

आमच्याकडे घरोघरी मोटारपंप, स्पीकर, वेल्डिंग. त्यामुळं त्या सहा लाखांतलं मला मनापासून हवंसं वाटलं ते एवढंच, चुंबकाला न भिणं. भाचा "अजून ठेवा" म्हणत होता, मी नाही म्हटलं. पुढच्या पटाला सीगलच नेणार आहे, त्या बटणासाठी. चहाच्या वेळी ते शर्टाच्या खिशात राहील.