स्लो कुकरमधली चिली: आधी राजमा सांभाळा

चिली म्हणजे खिमा, राजमा आणि टोमॅटोचा घट्ट, जिऱ्याच्या वासाचा रस्सा. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ती छानच होते. फक्त 'सगळं एकदम टाका आणि झाकण लावा' हा सल्ला राजम्याला लावू नका. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते जायला पाणी खळखळून उकळावंच लागतं. स्लो कुकर बराच वेळ ८० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळू शकतो. तेवढ्या उष्णतेवर अर्धकच्चा राहिलेला राजमा कच्च्याहूनही जास्त बाधतो. चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात.

म्हणून २५० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा. खरं तर प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ करून घेणंच उत्तम. टोमॅटोच्या आंबटपणात दाण्याची साल मऊ पडत नाही, त्यामुळे अर्धवट शिजलेला राजमा आठ तासांनीही दाताखाली कचकचतो. बोटांत दाबल्यावर दाणा पिठासारखा चुरडला की झालं. हवाबंद डब्यातला (कॅनमधला) राजमा शिजलेलाच असतो, तो नुसता धुऊन घ्या.

आता फोडणी. दोन चमचे तेलात ५०० ग्रॅम खिमा पसरून ठेवा आणि लगेच ढवळू नका. आधी पाणी सुटेल, ते आटेल, मग तडतडण्याचा आवाज बदलेल आणि खालची बाजू तपकिरी होईल. ही चव स्लो कुकरमध्ये येत नाही, कारण आत सगळी वाफच. खिमा बाजूला काढून त्याच तेलात दोन मोठे कांदे आणि सहा लसूणपाकळ्या परता. मोठा चमचाभर लाल तिखट, दोन लहान चमचे जिरेपूड, एक लहान चमचा ओरेगॅनो घालून अर्धा मिनिट हलवा. तिखट काळपटलं तर कडू होतं. पाणी घालून पॅनला चिकटलेला मसाला खरवडून घ्या, तीच खरी चव.

हे सगळं, शिजलेला राजमा, ४०० ग्रॅम टोमॅटो, दीड लहान चमचा मीठ आणि फक्त एक कप पाणी (खरवडायला वापरलेलं धरून) स्लो कुकरमध्ये घाला. गॅसवरच्या सवयीने दोन-तीन कप ओतलं की चिलीचं सार होतं, कारण इथे पाणी आटतच नाही. तरी पातळ झालीच, तर वाटीभर राजमा ठेचून घाला आणि शेवटचा अर्धा तास झाकण उघडं ठेवा.

'लो'वर सात-आठ तास, 'हाय'वर साडेतीन-चार. भांडं अर्ध्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका. मधे झाकण उघडलंत तर वीसेक मिनिटं वाढवा.

राजमा नकोच असेल तर अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची पद्धत धरा. चिली हा १९७७पासून तिथला अधिकृत राज्यपदार्थ आहे आणि तिथल्या पारंपरिक चिलीत राजमा नसतो. मग खिम्याऐवजी खांद्याच्या मांसाचे एक किलो तुकडे घ्या. चिवट मांसच इथे रसाळ होतं, कारण त्यातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो. गोठलेलं मांस मात्र थेट टाकू नका, आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्या.

उरलेली चिली उथळ डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती गॅसवर उकळून गरम करा, स्लो कुकरमध्ये नको.